टेप चालू आहे का?

वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, दाभोळ खाडीच्या दक्षिण अंगाला अंजनवेल आहे. टेकाडावर गोपाळगड, थोडं पुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या वीज प्रकल्पाने हा कोपरा जगभर गाजवला, पण नाव झालं खाडीपलीकडच्या दाभोळचं. जमिनी गेल्या त्या अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या. वर्तमानपत्रांत न येणारी ओळख मात्र गुहागर तालुक्यातल्या साऱ्या गावांची एकच: शिमग्यात नमन-खेळे आणि गणपतीत जाखडी.

जाखडीला मुंबईत बाल्या नाच म्हणतात. कानात बाळ्या घातलेले कोकणी गडी शहरात चाकरीला असत, त्यांच्यावरून पडलेलं हे नाव. मधोमध शाहीर, ढोलकी, टाळ आणि साथ धरणारे. भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचा फेर. गण होतो, गौळण होते आणि मग रात्रीचा खरा ऐवज बाहेर निघतो: शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो कवनातच सोडवायचा आणि जाता जाता उलटा टोला हाणायचा. चाली कधी भजनाच्या, कधी लावणीच्या, कधी त्या वर्षी गाजलेल्या सिनेमाच्या. कवनं घरून बांधून आणलेली असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी सामना कुठे वळेल ते समोरच्यावर, मांडवातल्या माणसांवर आणि शाहिराच्या त्या दिवशीच्या आवाजावर ठरतं. म्हणून गावाला पुढच्या गणपतीपर्यंत पुरणारा विषय नुसता 'सामना' नसतो. तो 'त्या रात्रीचा सामना' असतो.

आता त्या फेराभोवती मोबाइल वर धरलेले दिसतात. चाकरमानी मुंबईला परतायच्या आत चित्रफीत वाडीतल्या सगळ्यांच्या फोनवर पोचलेली असते. ही सवय मोबाइलने लावली असं वाटत असेल तर ते खरं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खाडीकाठची माणसं आखातात कामाला जाऊ लागली आणि सुट्टीवर येताना 'टू-इन-वन' आणू लागली. रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत, वर मूठ आणि एका कोपऱ्यात जाळीआड लपलेला मायक्रोफोन. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं की झालं रेकॉर्डिंग. मांडवात वीज बत्तीपुरतीच, म्हणून यंत्र सेलवर चालायचं. पहाटेपर्यंत सेल उतरत, मोटर मंदावे, फीत हळू सरके. आणि दुसऱ्या दिवशी नव्या सेलांवर तीच कॅसेट लावली की रात्रीचा भरदार शाहीर पोरासारखा चिरक्या आवाजात धावत सुटे. हसत हसत का होईना, कॅसेट ऐकली जायची. मग ती मागायला शेजारच्या वाडीचा माणूस यायचा.

गाणाऱ्याची एक रात्र ऐकणाऱ्याने पकडून ठेवायची आणि दुसऱ्या ऐकणाऱ्याला द्यायची, हा उद्योग कोकणच्या मांडवात पोचण्याआधी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत वीसेक वर्षं तरी चालू होता. तिथे शाहिराच्या जागी गवई होता, एवढाच फरक.

त्यामागे एक हळहळ होती. भास्करबुवा बखले म्हणजे पुण्यात १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणारे, बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवर'च्या पदांना चाली देणारे. १९२२ साली ते गेले. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ पासून सुरू झालं होतं, म्हणजे यंत्र त्यांच्या हयातीतली वीस वर्षं हाताशी होतं. तरी बुवांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते, त्यांचंही तेच. मराठी संगीतावरच्या निम्म्या लेखनात 'ते कसे गात' याचं वर्णन आहे आणि ते सगळं ऐकीव आहे. वर्णन करणाऱ्याची लेखणी जितकी चांगली तितका गवई मोठा, असा हा मामला.

ज्यांनी तबकड्या दिल्या त्यांचाही पुरता न्याय झाला नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. अब्दुल करीमखाँ, सवाई गंधर्व, केसरबाई केरकर यांच्यासारख्यांनी त्या चिमटीत अख्खा राग दाखवला ही त्यांची करामत. पण ती अत्तराची कुपी, बाग नव्हे. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा रंगलेला ख्याल तासाला भिडत असे, हे त्या यानाला भेटणाऱ्याला कळायचं नाही.

पन्नाशीच्या दशकात स्पूल टेपरेकॉर्डर आला आणि ही चिमटी सुटली. यंत्र परदेशी, महाग आणि ट्रंकेएवढं जड. ज्याच्या घरी ते असेल त्याला मैफलीचं आमंत्रण हमखास. साधारण हिशेब असा: सात इंची रीळ, बाराशे फूट फीत, वेग सेकंदाला पावणेचार इंच, एका बाजूला तासाभराहून थोडं अधिक. पुढे रीळ उलटं करून बसवायचं, फितीचं टोक यंत्राच्या डोक्यांच्या (हेडच्या) फटीतून सरकवून रिकाम्या रिळाला दोन वेढे द्यायचे आणि कळ फिरवायची. सवय असलेल्या हाताला अर्धं मिनिट लागे. नेमक्या त्याच अर्ध्या मिनिटात गवई अशी जागा घेऊन जाई की फीत पुन्हा सुरू होते तेव्हा नुसती 'क्या बात है' ऐकू येते. कशाबद्दल, ते कायमचं गेलेलं असतं. जाणते रेकॉर्डिंगवाले म्हणूनच विलंबित संपून द्रुत धरायच्या बेतात तबल्याकडे कान लावून बसत, की समेवर रीळ बदलता यावं.

अशा फितींवर गाण्याखेरीज बरंच काही उतरलेलं आहे. तंबोरे लागतानाची दहा मिनिटं, खोकला, कपबशा, खालच्या रस्त्यावरची ट्राम, पुढच्या रांगेतल्या एखाद्या बुजुर्गाने काढलेला 'हं' आणि तो ऐकून गवयाने तीच जागा पुन्हा घेणं. कंपनीच्या स्टुडिओत हे सगळं दाराबाहेर ठेवलं जाई. मैफल कशी घडते हे समजायला दाराबाहेरचंच जास्त उपयोगी पडतं.

गवयांना हे आवडत असे का? सरसकट नाही. घराण्याची चीज गुरूने वर्षानुवर्षं राबवून घेऊन दिलेली असायची, आणि कुणी परका तिसऱ्या रांगेत बसून एका रात्रीत ती घरी न्यायचा. बंदिश चोरीला जाईल हे भय पोकळ नव्हतं. त्यातून घसा नीट नसलेला दिवसही फितीवर कायमचा राहणार. 'टेप चालू आहे का?' हा प्रश्न त्यामुळे बैठकीचाच भाग झाला. कुणी यंत्र बंद करायला लावी, कुणी दुर्लक्ष करी, कुणी स्वतःहून 'हे घ्या, नीट घ्या' म्हणे. कायद्याचा आधार तेव्हा नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला त्याच्या गाण्यावर हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. तोवर सारा व्यवहार शब्दावर आणि डोळ्यांतल्या लाजेवर चालला होता.

त्या शब्दाचे नियम कुठे छापलेले नव्हते, पण पाळले जात. फीत विकायची नाही. 'मी तुला अमीरखाँचा मारवा देतो, तू मला कुमारांचा एखादा मल्हार दे,' असा साटंलोट्याचा हिशेब. गवई हयात असेल तर फीत जाहीर लावायची नाही. आणि ज्याच्याकडून घेतली त्याला न विचारता तिसऱ्याला द्यायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत जास्त मोडला गेला, आणि आज आपल्याला जे काही ऐकायला मिळतं ते बहुतांशी त्या मोडण्यामुळेच.

कुमार गंधर्वांचं नाव या देवघेवीत वारंवार येतं त्याला कारण आहे. एकाच रागाची त्यांची दोन गाणी एकमेकांची नक्कल कधी झाली नाहीत. त्यामुळे 'कुमारांचा भीमपलास आहे माझ्याकडे' हे वाक्य अपुरं ठरे. कुठला? देवासचा की दादरचा? तबल्याला कोण? अमीरखाँचं कारण वेगळं: १९७४ साली ते गेले तेव्हा बाजारात त्यांच्या मोजक्या एल.पी. होत्या, आज त्यांचं जे गाणं अभ्यासलं जातं त्यातला मोठा वाटा आकाशवाणीचा आणि खासगी बैठकींचा. द. वि. पलुसकर तर १९५५ साली चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या तबकड्या सुरेख आहेत, पण मैफलीतले पलुसकर भेटतात ते फितींवरच.

नेमकं याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, एक पोरांची टोळी हाच उद्योग करत होती. ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ चा. रॉक, ब्लूज आणि मनाला येईल ते एकत्र करून मंचावर तासन् तास वाजवणारा. 'डार्क स्टार' हे त्यांचं गाणं १९६८ साली तबकडीवर आलं तेव्हा पावणेतीन मिनिटांचं होतं. पुढच्या वर्षीच्या 'लाइव्ह/डेड' या संचात तेच गाणं तेवीस मिनिटांचं आहे. तबकडी आणि मैफल यांतलं अंतर मराठी रसिकाला समजावून सांगायची गरज नाही. या बँडचे चाहते कार्यक्रमात यंत्रं घेऊन येत. हाकलून देण्याऐवजी बँडने १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कलीच्या कार्यक्रमापासून त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली आणि त्या जागेची वेगळी तिकिटं काढली. अट एकच: विकायचं नाही, वाटायचं. मुंबईच्या लक्ष्मीबागेतल्या बैठकीला बसणाऱ्या माणसाला ही अट लगेच कळली असती.

दोन्हींत नातंही आहे, आणि ते मुंबईतून जातं. बँडचा ढोलवादक मिकी हार्ट साठच्या दशकात तबलावादक अल्लारखाँ यांच्याकडून ताल समजून घेत होता. सॅन राफाएलला अली अकबर खाँ यांचं संगीत महाविद्यालय होतं. माहीमचा तरुण झाकिर हुसेन तिथे तबला शिकवायला गेला आणि त्याने शिष्यांचा जो ताफा उभा केला त्यात हार्ट सामील झाला. 'दिगा' ही त्यांची तबकडी १९७६ ची. ती निघाली ग्रेटफुल डेडच्याच राउंड रेकॉर्ड्स या लेबलवर, आणि त्यात बँडचा गिटारवादक जेरी गार्सियाही वाजवतो. पुढे हार्ट-झाकिर जोडीच्या 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमी मिळालं.

एका बाबतीत मात्र अमेरिकन पोरं मराठी रसिकांपेक्षा शहाणी निघाली. त्यांनी तारखा लिहिल्या.

ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांत ध्वनिमुद्रण ओळखलं जातं ते तारखेने. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, एवढं म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. ती रात्र बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर यांनी टिपली होती, तिच्या प्रतींच्या प्रती चाहत्यांत फिरल्या आणि अखेर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या यादीत तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत स्थान दिलं. कार्यक्रम दोन हजारांवर, पण बहुतेकांची गाण्यांची यादी, जागा, तारीख जागच्या जागी आहे. डिक लॅटवाला हा असाच फिती जमवणारा चाहता. बँडने त्यालाच आपल्या कोठाराचा राखणदार केलं.

मराठी घरांतल्या डब्यांवर काय असतं? 'यमन. उत्तम.' किंवा 'बुवा, पुणे.' कुठले बुवा, ते लिहिणाऱ्याला पाठ होतं. तारखेच्या जागी फार तर 'कोजागिरी'. साल नाही. तबलजी-पेटीवाल्यांची नावं तर लिहायची असतात हेच कुणाच्या गावी नव्हतं, आणि फितीवर सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो तबलाच, कारण मायक्रोफोन नेहमी त्याच्याकडे सरकलेला. त्यात एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होताना डब्यावरचा मजकूरही दर पिढीला आखडत गेला. फितीचा फोंफाट वाढला आणि अक्षरं कमी झाली.

सगळंच असं झालं असं नाही. कुमारांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी संवाद फाउंडेशनमार्फत गवयांना बोलावून गाणं, बोलणं, बंदिशींची उकल असं सगळं पद्धतशीर मुद्रित करून ठेवलं. त्यांचे वडील वामनराव देशपांडे म्हणजे 'घरंदाज गायकी'चे लेखक. पुण्यात सुरेश अलूरकरांच्या म्युझिक हाऊसने जाणत्या गवयांची बाजारात न आलेली गाणी कॅसेटवर आणली, तीही गायकाला आणि साथीला नावानिशी मान देऊन. पुण्यातच १९८२ साली एथ्नोम्युझिकॉलॉजीचं संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे दिल्लीकडे गेलं; परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती भारतातही असाव्यात हा त्यामागचा आग्रह. डॉ. अशोक रानडे यांचा या कामात मोठा वाटा होता. संस्थांनी केलं ते नोंदींसह राहिलं. घरांनी केलं ते संख्येने बहुधा कितीतरी मोठं, पण मुकं.

आणि काही गोष्टी पुन्हा मुद्रित करता येणार नाहीत. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षं तो रात्रभर चाले आणि भीमसेन जोशी गायला बसत तेव्हा झुंजुमुंजू झालेलं असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद केले आणि खुल्या मैदानातली रात्रभराची बैठक संपली. मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्रीच, हजारो माणसांत, शाली पांघरून ऐकणं आता फितीवरच शिल्लक आहे.

जाखडीच्या मांडवात मात्र एक गंमत आहे. शक्ती-तुऱ्याच्या जुन्या रिवाजाप्रमाणे शाहीर कवनाच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, गुरूचं सांगतो, पुष्कळदा गावाचंही. म्हणजे आखातातून आलेल्या त्या टू-इन-वनवरची कॅसेट कोऱ्या डब्यात सापडली तरी शेवटपर्यंत ऐकली की गाणारा स्वतःच ओळख देतो. पंडितांच्या फितींना जे जमलं नाही ते वाडीवरच्या शाहिराने परंपरेनेच साधून ठेवलं. अडचण साल कळण्याची. तिथे सिनेमाच्या चाली मदतीला येतात: कवन ज्या गाण्यावर बांधलंय ते गाणं कधी गाजलं ते बघायचं, सामना त्याच वर्षीच्या किंवा पुढच्या गणपतीतला समजायचा. मोबाइलवरच्या चित्रफितींचं उलटं. तारीख यंत्रच घालतं, पण एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर जाताना तीही बदलते, आणि अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात शेवटचं कडवं नसतंच.

कोकणात फितीचा खरा वैरी पावसाळा. माळ्यावरच्या ट्रंकेत चार महिने ओल बसली की फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि तशीच लावली तर यंत्राचं डोकंही खराब होतं. अशी कॅसेट घरच्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा. साफ करून संगणकावर उतरवून देणारी माणसं आता जिल्ह्याच्या गावीही भेटतात. तिथे नेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून डब्यावर पाच गोष्टी लिहाव्यात: कुणाचं गाणं, साथीला कोण, कुठल्या गावी, कुठल्या निमित्ताने, कुठल्या साली. साल आठवत नसेल तर त्या वर्षी घरात कुणाचं लग्न झालं ते विचारावं, लगेच आठवतं. लिहावं पेन्सिलीने, शाई दमटपणात पसरते.